लिनियसच्या खिडकीतली भांग

शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला कार्ल लिनियस माहीत असतो तो नावांमुळे. आंब्याला मँजिफेरा इंडिका, माणसाला होमो सेपियन्स अशी दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती त्याने रूढ केली. तो पेशाने डॉक्टर होता आणि निम्मे आयुष्य वैद्यकाचा प्राध्यापक होता, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. 1753 मध्ये त्याने भांगेच्या झाडाला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. याच झाडाने त्याच्या खिडकीत वनस्पतींच्या घड्याळाचे एक मोठे गुपित जवळजवळ उघडे करून ठेवले होते. ते त्याला दिसले नाही. दिसायला आणखी दीडशे वर्षे लागली.

गुपित असे आहे. भांगेचे झाड किती वाढायचे आणि वाढ आवरून फुलोरा कधी धरायचा, हे दिवसाच्या लांबीवरून ठरवते. दिवस मोठे असतात तोवर ते उंच होत राहते, पाने फुटत राहतात. दिवस लहान होऊ लागले, रात्र एका मर्यादेपलीकडे लांबली, की शेंड्यांचा नूर बदलतो आणि पानांच्या जागी कळ्या येतात. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलोऱ्याला आपण गांजा म्हणतो, त्याच्या राळेला चरस, आणि नुसत्या पानांना भांग. ज्या रसायनांमुळे नशा येते आणि ज्यांच्यावर आज औषध म्हणून संशोधन चालते, ती मुख्यतः या मादी फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत तयार होतात. म्हणजे झाड कधी फुलते हा प्रश्न शेतकऱ्याला जितका महत्त्वाचा, तितकाच औषधशास्त्रालाही.

लिनियसचा जन्म 23 मे 1707 रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे चर्चमध्ये धर्मोपदेशक. त्यांच्या घराण्याला आडनाव नव्हते. विद्यापीठात नाव नोंदवताना ते हवे म्हणून त्यांनी घराजवळच्या लिंडन वृक्षावरून लिनियस हे नाव घेतले. वडिलांना बागेचा नाद होता आणि तो मुलालाही लागला. व्हेक्शोच्या शाळेत मात्र मुलाची प्रगती यथातथाच होती. हा काही धर्मोपदेशक व्हायचा नाही, याला एखाद्या हातकामाला लावा, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. तेव्हा योहान रोथमान नावाचे गावातले डॉक्टर मध्ये पडले. मुलाला वैद्यकाकडे घाला, मी शिकवतो, असे त्यांनी सांगितले. पुढच्या काळात रोथमाननी त्याला शरीरशास्त्राचे धडे दिले आणि त्याबरोबर एक नवी, तेव्हा जरा चावट समजली जाणारी गोष्टही सांगितली: फुलांतही नर आणि मादी असतात.

हा विचार लिनियसच्या डोक्यात पक्का बसला. 1728 मध्ये तो उप्साला विद्यापीठात आला तेव्हा खिशात पैसे नव्हते. बुटांचे तळवे झिजले तर आत कागद घालून तो दिवस काढत असे. विद्यापीठातले ओलोफ सेल्सियस हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक वनस्पतींचे शौकीन होते. त्यांनी या मुलाला बागेत पाहिले, बोलते केले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांच्यासाठी लिनियसने वनस्पतींच्या विवाहावर एक छोटे हस्तलिखित तयार केले. त्यात पुंकेसर म्हणजे नवरे, स्त्रीकेसर म्हणजे बायका आणि पाकळ्या म्हणजे त्यांची शय्या. पुढे सगळ्या वनस्पतींची त्याने 24 वर्गांत जी विभागणी केली, ती प्रामुख्याने या नवऱ्यांच्या संख्येवर आणि मांडणीवर. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर असतील तर ती झाडे 22 व्या वर्गात, म्हणजे दोन घरे थाटणाऱ्यांत. भांग तिथे गेली.

1732 मध्ये, पंचविशीत, त्याने घोड्यावरून लॅपलँडचा प्रवास केला. हा स्वीडनचा उत्तरेकडचा भाग. उन्हाळ्यात काही आठवडे तिथे सूर्य मावळतच नाही. या प्रवासावरून लिहिलेल्या ग्रंथात त्याने वनस्पतींची वर्णने केलीच, पण शेतीच्या नोंदीही केल्या. तिथले बार्ली पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आत कापणीला येते, हे त्याने टिपले. बार्ली हे मोठ्या दिवसांचे पीक; दिवस लांबले की ते फुलण्याची घाई करते. भांग नेमकी उलट. ही दोन पिके शेजारी शेजारी ठेवून पाहिली असती तर कदाचित कोडे सुटू लागले असते. पण त्या काळी दिवसाची लांबी आणि फुलोरा यांचा संबंध असू शकतो, हा प्रश्नच कुणाच्या मनात नव्हता. लवकर पिकणे याचा अर्थ सरसकट ऊब, असे मानले जाई.

स्वीडनमध्ये तेव्हा डॉक्टरची पदवी मिळवायला बाहेरदेशी जावे लागे. 1735 मध्ये लिनियस नेदरलँड्समधल्या हार्डरवाइक या गावी गेला. हे विद्यापीठ झटपट पदव्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि त्यानेही काही दिवसांतच पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता थंडी वाजून येणारा ताप, म्हणजे आजचा मलेरिया. चिकणमातीच्या प्रदेशात हा ताप जास्त दिसतो, म्हणून पाण्यातून पोटात जाणारे मातीचे कण रक्तवाहिन्यांत अडकून ताप आणतात, असा त्याचा तर्क होता. निरीक्षण चांगले, निष्कर्ष चुकीचा. चिकणमातीत पाणी साचते, पाण्यात डास होतात, हा दुवा समोर असून निसटला. लिनियसच्या बाबतीत असे एकदाच घडले नाही.

नेदरलँड्समध्ये त्याचे नशीब उघडले. त्याच वर्षी सिस्टेमा नॅचुरी हा निसर्गाच्या वर्गीकरणाचा ग्रंथ छापला गेला. पहिली आवृत्ती जेमतेम डझनभर मोठ्या पानांची होती. जॉर्ज क्लिफर्ड या श्रीमंत बँकरने हार्टेकाम्प इथल्या आपल्या बागेची आणि स्वतःच्या प्रकृतीचीही देखभाल त्याच्याकडे सोपवली. क्लिफर्डच्या काचघरात केळीचे झाड होते. युरोपात केळी तग धरत, पण फुलत क्वचितच. लिनियसने विचार केला, की जिथून हे झाड आले तिथे आधी कोरडा काळ असतो आणि मग पाऊस कोसळतो. त्याने केळीचे पाणी काही आठवडे तोडले आणि मग भरपूर दिले. 1736 मध्ये केळफूल आले, आणि त्या आनंदात त्याने एक अख्खी पुस्तिका लिहिली. झाडाला फुलवायचे तर त्याच्या मायदेशाचे हवामान त्याला द्यावे लागते, हे त्याला इथे पटले. पाणी दिले, ऊब दिली, खत दिले. मायदेशाचा दिवस आणि मायदेशाची रात्रही द्यावी लागत असेल, हे काही त्या यादीत नव्हते.

हार्टेकाम्पमध्ये त्याच्या हाताशी एक ग्रंथ होता, ज्याच्याशी आपले नाते आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने करवून घेतलेला हॉर्टस मलबारिकस. मलबारच्या वनस्पतींचे हे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्याच्या तयारीत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी 1675 मध्ये दिलेले कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. इतरांच्या वर्णनांवर सहसा भरवसा न ठेवणारा लिनियस या ग्रंथाला विश्वासार्ह मानत असे. भारतातली भांगही त्या खंडांत आहे, चित्रांसह. म्हणजे युरोपातल्या सुताडी भांगेची एक आशियाई, नशेची भावंडे आहेत हे त्याच्या समोर होते. तरी 1753 मध्ये त्याने एकच जात मानली. भारतातून आलेले नमुने पाहून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात फ्रान्सच्या लामार्कने सुचवली ती 1785 मध्ये.

1738 मध्ये लिनियस स्टॉकहोमला परतला आणि त्याने दवाखाना थाटला. सुरुवातीला कोणी फिरकेना. मग त्याने खाणावळीत बसणाऱ्या तरुण मंडळींच्या गुप्तरोगांवर इलाज सुरू केले, गुण येऊ लागला आणि पाहता पाहता तो शहरातला चालता डॉक्टर झाला. आरमाराच्या वैद्यकीय सेवेत त्याची नेमणूक झाली. 1739 मध्ये सारा मोरेआशी लग्न झाले. 1741 मध्ये उप्सालाला वैद्यकाचा प्राध्यापक म्हणून बोलावणे आले आणि दवाखाना सुटला. पथ्यापथ्य, औषधी द्रव्ये आणि वनस्पती हे विषय त्याच्याकडे आले, विद्यापीठाची बागही आली. पुढे त्याला संधिवाताचा, बहुधा गाऊटचा, जोरदार झटका आला, तेव्हा रानातल्या स्ट्रॉबेऱ्या खाऊन आपण बरे झालो असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. गाऊटचा झटका काही दिवसांत आपोआपही ओसरतो. स्ट्रॉबेऱ्यांनी अपाय मात्र नक्की झाला नाही.

उप्सालाच्या बागेत तो वेळेच्या प्रश्नाच्या सर्वात जवळ आला. काही फुले ठरावीक वेळी उमलतात आणि मिटतात हे सगळेच पाहतात. आपल्याकडे गुलबक्षी दुपार कलल्याशिवाय उमलत नाही. लिनियसने अशा फुलांची वेळेनुसार यादीच केली. 1751 च्या फिलॉसॉफिया बोटानिका या ग्रंथात त्याने त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटातली फुले हवा बघून उमलतात. ढग आले की वेळ चुकते. तिसऱ्या गटातली घड्याळासारखी, ठरल्या तासाला. या तिसऱ्या गटातून त्याने फुलांचे घड्याळ कल्पिले, आणि ती कल्पना इतकी गोड होती की पुढे लोकांना तेवढीच लक्षात राहिली. खरी मौज दुसऱ्या गटात होती. या गटातल्या फुलांची उमलण्याची वेळ दिवस जसा वाढत किंवा कमी होत जाईल तशी पुढेमागे सरकते. वनस्पतीला दिवसाची लांबी कळते, हे इथे छापील स्वरूपात आहे. फक्त ते फूल रोज किती वाजता उघडते यापुरते. झाडाने मुळात फुलायला कोणत्या महिन्यात सुरुवात करावी, इथपर्यंत तो विचार गेला नाही.

चार वर्षांनी, 1755 मध्ये, वनस्पतींच्या झोपेवर त्याच्या देखरेखीखाली प्रबंध निघाला. त्याची सुरुवात एका चुकामुकीतून झाली. फ्रान्समधल्या मित्राने पाठवलेल्या बियांपासून उगवलेल्या एका रोपावर सकाळी दोन फुले दिसली होती, ती संध्याकाळी दिसेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर. नीट पाहिल्यावर कळले की रात्री पाने मिटून फुलांना झाकून घेतात. मग लिनियस कंदील घेऊन रात्रीच्या वेळी बागेत आणि काचघरात हिंडू लागला. काचघरात ऊब सारखीच असते, तरी पाने रात्री मिटतात. तेव्हा कारण थंडी नव्हे, उजेड नसणे हे आहे, असा योग्य निष्कर्ष त्याने काढला.

आता भांगेच्या कुंड्या. वनस्पतींना लिंग असते हे लिनियसचे म्हणणे सर्वांना मान्य नव्हते. सेंट पीटर्सबर्गच्या योहान सीगेसबेकने ते अश्लील आणि देवाच्या योजनेला न शोभणारे ठरवले होते. शेवटी तिथल्याच विज्ञान अकादमीने 1759 मध्ये या प्रश्नावर शंभर डुकाटांचे बक्षीस जाहीर केले. पुरावा प्रयोगाने द्यायचा होता. लिनियसच्या निबंधातला एक ठळक प्रयोग भांगेचा आहे.

ही निवड साहजिक होती. सुतासाठी आणि दोरखंडासाठी भांग युरोपभर लावली जाई, आणि तिच्यात नर-मादी वेगळे. हाच प्रयोग जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या कॅमेरॅरियस या डॉक्टरने 1694 च्या सुमारास करून पाहिला होता. त्याने मादी झाडे शेतातून उचलून बागेत लावली, तरी त्यांनी भरपूर बी धरले आणि तो बिचारा वैतागला. भांगेचे परागकण वाऱ्यावर फार लांब जातात. शिवाय मादी झाडावर कधी कधी चुकार नर फुलेही येतात. लिनियसने म्हणून घराच्या आतली जागा निवडली.

एप्रिलमध्ये त्याने दोन कुंड्यांत बी पेरले. प्रत्येकीत तीस-चाळीस रोपे दाटीवाटीने उगवली. कुंड्या एकमेकींपासून दूरच्या खोल्यांत, खिडकीच्या उजेडात ठेवल्या. एका कुंडीत नर-मादी एकत्र राहू दिले. तिथे बी धरले आणि जुलैत पिकले. दुसऱ्या कुंडीतून नर ओळखू येताच उपटून टाकले. उरलेल्या माद्या जोमाने वाढल्या. त्यांच्या फुलांतले लांब स्त्रीकेसर कितीतरी दिवस ताजे राहिले, जणू कुणाची वाट पाहत. पहिल्या कुंडीतले केसर परागकण पडताच सुकले होते. शेवटी या माद्यांची फुलेही वाळली, पण खरे बी एकही आले नाही. 1760 मध्ये बक्षीस लिनियसला मिळाले.

भारतात गांजा पिकवणारे हे तंत्र वेगळ्या हेतूने वापरत होते. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या भांग आयोगाच्या अहवालात त्याचे तपशील आहेत. बंगालमध्ये फुलोऱ्याच्या आधी शेतात फिरून नर झाडे ओळखून काढणारा पारखी माणूस असे. त्याचा तो धंदाच होता. मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यातही गांजाची शेती होत असे. बी न धरलेल्या मादीचा फुलोरा दाट होतो आणि राळ जास्त येते. लिनियसने ज्या कुंडीतले नर काढले, तिच्यात तेच घडत होते. नशेच्या दृष्टीने त्याला त्यात रस नव्हता असे नाही. 1762 मध्ये त्याच्याच देखरेखीखाली मादक द्रव्यांवर प्रबंध झाला, आणि अफू, धोतरा यांच्या पंगतीत भांगही बसली.

पण त्या प्रयोगातली एक गोष्ट त्याने जाता जाता लिहिली आणि सोडून दिली: बी जुलैत पिकले. उप्साला जवळपास 60 अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या शेवटी दिवस पावणेएकोणीस तासांचा असतो. शेतात लावलेली भांग अशा दिवसांत वाढत राहते, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि तिचे बी शरदात पिकते. खिडकीतल्या रोपांनी मात्र वर्षातला सर्वात मोठा दिवस उलटून महिना होतो न होतो तोच संसार आटोपला. ती लवकर पेरलेली होती, दाटीत होती, आणि खिडकीतून मिळणारा प्रखर उजेड बाहेरच्या दिवसाहून कितीतरी कमी तासांचा होता. लवकर पेरलेली भांग वेळेआधी का फुलते, हा प्रश्न तिथे कुंडीत उभा होता. लिनियसला नर-मादीचे उत्तर हवे होते, ते मिळाले आणि कुंड्या बाजूला गेल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका वेळी एका प्रश्नाचे उत्तर शोधले तरच प्रयोग धड होतो.

1761 मध्ये राजाने त्याला उमराव केले आणि तो कार्ल फॉन लिने झाला. त्याचे शिष्य जगभर बिया आणि नमुने गोळा करत फिरत होते. काही वाटेतच आजारपणात गेले. स्वीडनमध्येच चहा पिकवावा, परदेशी जाणारा पैसा वाचवावा, अशी त्याची मोठी इच्छा होती. झाडाला हळूहळू सवय लावली की ते कुठेही रुजते, अशी त्याची समजूत. 1763 मध्ये चहाची जिवंत रोपे उप्सालापर्यंत पोहोचलीही, पण टिकली नाहीत.

1774 मध्ये त्याला पहिला पक्षाघात झाला, 1776 मध्ये आणखी एक. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे तुटक झाले. ज्याने हजारो वनस्पतींना नावे दिली, त्याला आपले स्वतःचे नाव आठवेना. स्वतःचीच पुस्तके समोर ठेवली की तो ती कौतुकाने चाळायचा आणि हे आपल्याला लिहिता आले असते तर किती बरे, असे त्याला वाटायचे, अशी आठवण सांगितली जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात अशी स्मृती जाणे डॉक्टरांच्या परिचयाचे आहे; इथे फक्त रुग्ण लिनियस होता. 10 जानेवारी 1778 रोजी तो गेला. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरले. त्याचा संग्रह पुढे लंडनला विकला गेला.

खिडकीतल्या त्या कुंडीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो पॅरिसमध्ये, 1910 च्या सुमारास. जूलियां तूर्न्वा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ भांग आणि तिचा नातलग जपानी हॉप यांच्या लिंगाचा अभ्यास करत होता. विषय लिनियसचाच. हिवाळ्याच्या शेवटी काचघरात लवकर पेरलेली रोपे अगदी बुटकी असतानाच फुलतात आणि त्यांच्या फुलांत विचित्र मिसळ होते, हे त्याला दिसले. तो तिथे थांबला. त्याने रोपांना रोज फक्त सहा तास उजेड दिला आणि बाकी वेळ झाकून ठेवले. ती लवकर फुलली. 1912 मध्ये त्याने हे छापले, आणि 1914 च्या लेखात पुढचे पाऊल टाकले: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणे हे खरे कारण असावे. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तूर्न्वा रणांगणावर मारला गेला. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरून हाच नियम अनेक पिकांत दाखवला आणि त्याला फोटोपिरिऑडिझम हे नाव मिळाले. श्रेय बहुतेक त्यांच्याकडे गेले. त्यांचे काम मोठे आहेच, पण भांगेवरचा प्रयोग आधीचा आहे.

तूर्न्वाचा अंदाज पुढे खरा ठरला. लहान दिवसांची म्हणवली जाणारी झाडे प्रत्यक्षात रात्र मोजतात. लांब रात्रीच्या मध्ये काही मिनिटे लाल प्रकाश पाडला तर मोजणी बिघडते आणि फुलोरा लांबतो. हा प्रकाश टिपणारे फायटोक्रोम हे रंगद्रव्य पानांत असते. रात्र पुरेशी लांब झाली की पान एक प्रथिन बनवते, ते अन्नरसाबरोबर शेंड्याकडे जाते आणि तिथे पानांऐवजी कळ्या घडू लागतात. शेवंतीचे मळे करणारे रात्री शेतात दिवे लावून फुले हव्या त्या हंगामापर्यंत थोपवतात ते याच तत्त्वावर. भांगेत कोणती रात्र पुरेशी, हे वाणाच्या मूळ गावावर ठरते. उत्तरेकडचे वाण चौदा-पंधरा तासांचा दिवस असतानाच फुलण्याची तयारी करतात, कारण पुढे बर्फ आहे. विषुववृत्ताजवळच्या वाणांना दिवस बारा तासांच्या आसपास यावा लागतो. मध्य आशिया आणि रशियातल्या काही रानटी भांगेने मोजणेच सोडले आहे. ती ठरावीक वयाची झाली की फुलते. सुतासाठी भांग लावणारे म्हणूनच मुद्दाम दक्षिणेकडचे बी उत्तरेत पेरतात. झाड फुलायचे विसरून उंच होते आणि धागा लांब मिळतो.

पुण्यात वर्षातला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वात लहान अकरा तासांचा. उप्सालात पावणेएकोणीस आणि सहा. व्हॅन ऱ्हीडच्या मलबारातले बी मिळवून लिनियसने बागेत पेरले असते, तर ते झाड उन्हाळाभर नुसते वाढत राहिले असते. दिवस बारा तासांवर यायला सप्टेंबरचा शेवट उजाडला असता. मग कुठे त्याने कळ्यांची तयारी सुरू केली असती, आणि बी धरण्याआधी उप्सालाची थंडी त्याला गाठून मोकळी झाली असती.